कस्टम क्यू हातात आलाय, आता बघू काय?

कोपऱ्यातला_खिसा

नमस्कार मंडळी.

पहिली आठ वर्षं पूल क्लबच्या भिंतीवर टांगलेल्या काठ्यांनी खेळलो, नंतर कारखान्यातून निघालेल्या एका साध्या क्यूनं. क्यू बरा आहे, खेळ बेताचा आहे, आणि दोघांची एकमेकांबद्दल तक्रार नाही. आता एक ओळखीचे खेळाडू त्यांच्याकडचा जुना कस्टम, म्हणजे कारागिराकडून बनवून घेतलेला, क्यू विकायला काढतायत. "दोन दिवस घरी ने, खेळून बघ, मग बोलू," म्हणाले.

तर तो आत्ता माझ्यासमोर आहे. बटचा (क्यूच्या मागच्या जाड अर्ध्याचा) पुढचा भाग बर्ड्स-आय मेपलचा, त्यात एबनीचे चार लांब टोकदार पॉइंट्स, प्रत्येकाच्या कडेनं चार रंगांच्या व्हिनियरच्या (पातळ लाकडी पट्ट्यांच्या) रेघा. मुठीवर लिननचा रॅप, खाली एबनीच्या स्लीव्हमध्ये शिंपल्याचे इनले (कोरून बसवलेली नक्षी). दोन शाफ्ट (पुढचे निमुळते अर्धे). तळाशी कारागिराची सही.

अडचण अशी की मला यात "छान आहे" याच्या पलीकडे काही दिसतच नाही. डॉक्टरांनी एक्सरे उजेडात धरून "हे बघा" म्हणावं आणि आपण नुसती मान डोलवावी, तशी गत झालीय. जाणकारांनी सांगावं: सुरुवात कुठून करू, आणि कशाला भुलू नको?

वाचनमात्र

चांगला धागा. माझ्याकडेही एक कस्टम आहे (विकणारा तसं म्हणाला होता). वाचतोय.

भुस्सा

मी क्यू बनवत नाही, दुरुस्त करतो. बनवणाऱ्याला आपला क्यू पहिल्या दिवशी दिसतो, मला तोच क्यू पंधरा वर्षांनी दिसतो. त्यामुळे माझं मत जरा कडवट वाटलं तर समजून घ्या.

आधी एक फडकं घ्या आणि ते शिंपल्याचे इनले झाका. थट्टा करत नाहीये. क्यूमध्ये डोळा पहिल्यांदा जिथे जातो तिथे खेळाच्या दृष्टीनं काहीच घडत नसतं. जे घडतं ते दुसऱ्या टोकाला, म्हणून टिपपासून, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या चामड्याच्या टोकापासून, मागे यायचं.

शाफ्ट उजेडात आडवा धरा आणि सावकाश फिरवा. लाकूड बहुतेक हार्ड मेपल असेल. त्याच्या रेषा फेरूलपासून (टिपमागची छोटी टोपी) जॉइंटपर्यंत (शाफ्ट आणि बट यांचा सांधा) सरळ जातायत की मध्येच कडेनं बाहेर पडतायत, एवढंच बघा. रेषा बाहेर पडत असेल तर लाकूड तिरकं चिरलं गेलंय. असा शाफ्ट आज सरळ असला तरी त्याचा भरवसा मी धरत नाही, आणि मोडलाच तर त्या रेषेवरच मोडतो. वाढीची वलयं दाट हवीत असं सगळे सांगतात. दाट असली तर उत्तम, पण मी फार दाट वलयांचे पोकळ वाटणारे शाफ्ट पाहिलेत आणि विरळ वलयांचे ठणठणीतही. म्हणून वलयं मोजण्यापेक्षा तो वजनकाट्यावर ठेवा. चांगला मेपलचा शाफ्ट चार औंसांच्या, म्हणजे ११३ ग्रॅमच्या आसपास असतो. एकाच क्यूचे दोन शाफ्ट वजनानं शेजारी-शेजारी असायला हवेत. तुमच्या दोघांचा आकडा इथे टाका.

तपकिरी ठिपके किंवा बारीक रेघा दिसल्या तर घाबरू नका. त्यांना शुगर मार्क म्हणतात. दिसायला डाग, ताकदीला काही बाधा नाही. शुभ्र पांढरा शाफ्ट म्हणजे उत्तम शाफ्ट ही समजूत ग्राहकांनी तयार केली, झाडानं नाही.

मग टेबलावर घरंगळवून बघा. सगळे पूर्ण जोडलेला क्यू घरंगळवतात आणि तिथेच फसतात. आधी शाफ्ट एकटा, मग बट एकटं, शेवटी जोडून. शाफ्टच्या खाली कापडाशी जी उजेडाची फट दिसते तिच्यावर नजर ठेवा. फट एकसारखी राहिली तर ठीक, श्वास घेतल्यासारखी उघडझाप करू लागली तर वाकडेपणा आहे. दोन्ही भाग सुटे सरळ आणि जोडल्यावर डुलतायत, तर दोष लाकडात नाही, जॉइंटमध्ये आहे: एक तर तोंड काटकोनात नाही, नाहीतर पिन (सांध्यातला आट्यांचा खिळा) मध्यावर नाही. आणि हे सगळं करण्याआधी टेबल समतल आहे ना ते बघा. एकदा मी टेबलाचा राग क्यूवर काढला होता.

जॉइंट आवळताना शेवटचा अर्धा वेढा हळू द्या. दोन्ही तोंडं एकदमच टेकली पाहिजेत. मागे टॉर्च धरून सांध्यातून उजेड येतो का बघा. मग सांध्यावरून नख फिरवा. बोटाला जे कळतं ते डोळ्याला कळत नाही. नख अडलं तर कुठल्या बाजूनं अडलं ते लिहून ठेवा.

शेवटी कान. क्यू मध्यावर दोन बोटांत सैल धरून बोटाच्या पेरानं ठोका. स्वच्छ, भरीव आवाज हवा. आत कुठे झणझण ऐकू आली तर कारागिराला दोष देण्याआधी तळाचा रबरी बंपर काढा आणि आतला वजनाचा बोल्ट आवळून बघा. निम्म्या झणझणी तिथेच थांबतात. उरलेल्या मात्र गंभीर. रॅपच्या वर, जिथे पुढचा भाग मुठीला जोडलेला असतो, तिथे आत एक बोल्ट आणि सरस असतो. त्या सांध्यात पोकळी राहिली असेल तर बाहेरून करण्यासारखं काही नाही.

लाल_पंधरा

मी स्नूकरवाला, त्यामुळे हे अवांतर समजा. आमच्याकडे ॲश लाकडाच्या क्यूला हातानं स्प्लाइस केलं (वेगळं लाकूड सांधून बसवलं) की पॉइंट्सची टोकं गोलसर, कमानीसारखी येतात. अणकुचीदार टोक दिसलं की आम्ही ओळखतो, मशिननं केलंय. इथे तर सगळे टोकदार पॉइंट्सचं कौतुक करतायत. उलटी गंगा का?

जुनी_खोडं

@लाल_पंधरा, कापण्याची पद्धतच वेगळी. तुमच्याकडे बटच्या लाकडाचे सपाट काप शाफ्टच्या निमुळत्या लाकडावर चिकटवतात आणि रंध्यानं गोलाई आणतात, म्हणून कमान तयार होते. पूलच्या क्यूमध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखी लांब खाच पाडून तिच्यात पाचर बसवतात आणि मग लेथवर गोल करतात. व्हीचं टोक टोकदारच येणार. जो गुण तुमच्याकडे हाताचा, तोच इथे यंत्राचा. त्यामुळे "टोकदार की गोल" हा प्रश्नच अर्धा आहे. टोक कशानं तयार झालं, हे विचारायचं.

पूलमध्ये तीन प्रकार भेटतात. फुल स्प्लाइसमध्ये मागचं आणि पुढचं लाकूड बोटांत बोटं अडकवावीत तसं एकमेकांत घुसवलेलं असतं. पूर्वी ब्रन्सविक कंपनीच्या टायटलिस्ट नावाच्या एकसंध काठ्या अशाच असत. कित्येक जुन्या कारागिरांनी त्या काठ्या मधोमध कापून, जॉइंट घालून त्यांतून आपले क्यू काढले. अमेरिकेतले नामांकित कारागीर जॉर्ज बालाबुश्का यांनी १९५९ मध्ये क्यू बनवायला सुरुवात केली तेव्हा त्यांचाही कच्चा माल तोच होता. पुढे त्यांनी बर्टन स्पेन आणि गस झाम्बोटी या कारागिरांकडचे ब्लँक (स्प्लाइस करून ठेवलेले कच्चे बट) वापरले. तेव्हा ज्यांना थोर बालाबुश्का क्यू म्हणतात त्यांचं स्प्लाइस बालाबुश्कांनी केलेलं नाही, हे कुणाला आवडो न आवडो. त्यांची करामत पुढची: निवड, लेथवरचं काम, जॉइंट, फिनिश.

दुसरा प्रकार हाफ स्प्लाइस, म्हणजे कोपऱ्यातला_खिसा यांच्या वर्णनातला: पुढच्या भागात व्ही-खाचा, त्यात व्हिनियर आणि वर पाचर. तिसरा प्रकार वरून कोरून बसवलेला पॉइंट. तो बहुतेक सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या यंत्रावर, होतो. कोरणाऱ्या बिटला स्वतःची जाडी असते, म्हणून खाचेच्या कोपऱ्यात किंचित गोलाई राहते. ती हातानं साफ केली नाही तर पॉइंटचं टोक बोथट दिसतं. साफ केली तर भिंग लावूनही ओळखणं कठीण, त्यामुळे टोक धारदार दिसलं म्हणून स्प्लाइस सिद्ध होत नाही.

आणि चौथा, ज्याला प्रकार म्हणायची माझी तयारी नाही: चित्र. छापील फिल्म चिकटवून वर जाड लॅकर.

न्यूटनचा_मावसभाऊ

सीएनसीचं नाव निघालं की लोक चेहरा वाकडा करतात, म्हणून आधीच विचारतो. यंत्रानं केलेलं ते हलकं का?

भुस्सा

मुळीच नाही. सीएनसीच्या आधी नमुना गिरवून कोरणारा पँटोग्राफ होता, तेही यंत्रच. इनले कुणी कोरला यापेक्षा कसा बसलाय ते बघा. तेही काळ्यात काळं असेल तिथे नको. एबनीत फट राहिली तर इपॉक्सीत एबनीचाच भुसा कालवून बुजवतात, कुणाच्या बापाला कळत नाही. गडद तुकडा फिक्या लाकडात बसवलाय तिथे भिंग धरा. मेपल चहाडी करतं.

व्हिनियरचंही तेच. पॉइंटच्या टोकाला डावी-उजवी रेघ जिथे मिळते तिथे प्रत्येक रंगाची स्वतंत्र टोकदार घडी दिसली पाहिजे. रंग एकमेकांत फासल्यासारखे वाटले किंवा टोक एका अंगाला कललं, तर चिकटवताना हात हलला होता.

आणि चारही पॉइंट्सची उंची मोजा. कागदाची पट्टी जॉइंटपासून टोकापर्यंत धरा आणि खूण करा. यातलं गणित मजेशीर आहे. खाच फार निमुळती असते, साधारण पंचवीस-तीस मिलिमीटर पुढे गेल्यावर एक मिलिमीटर उथळ होणारी. त्यामुळे लेथवर एका बाजूनं एक दशांश मिलिमीटर लाकूड जास्त गेलं, तर त्या बाजूचा पॉइंट अडीच-तीन मिलिमीटरनं आखूड होतो. चार पॉइंट्स एका रेषेत आणणं कठीण का आणि जाणकार आधी तिथेच का बघतात, ते यावरून कळेल.

नवव्यावर_डोळा

भुस्साकाका, सगळं मान्य. पण तुमचं वाचून वाटेल की क्यू म्हणजे घड्याळ, उघडून बघायचं. तो खेळायचाही असतो हो!

माझा अनुभव सांगते. पहिला कस्टम घेतला तो इतका देखणा होता की समोरचे खेळाडू ब्रेकच्या आधी हातात घेऊन बघायचे. पॉइंट्स सुतात, रिंगा जुळलेल्या, कशात खोट नाही. आणि मला त्यानं खेळताच येईना. बट माझ्या हाताला जाड, तोल फार पुढे. वर्षभर मी स्वतःलाच दोष देत राहिले, कारण इतक्या सुंदर वस्तूत दोष असेलच कसा! दोष नव्हताच. तो माझ्यासाठी केलेला नव्हता, इतकंच. कस्टम या शब्दाचा अर्थच "कुणाच्या तरी मापानं" असा आहे, आणि ते माप आधीच्या मालकाचं होतं.

म्हणून @कोपऱ्यातला_खिसा, एका बोटावर तोलून बघा. बहुतेक क्यूंचा तोल तळापासून १८ ते १९ इंचांवर येतो. तुमच्या आत्ताच्या क्यूचाही मोजा. दोघांत इंचभर फरक असेल तर दोन दिवसांत हात वळणार नाही हे धरूनच खेळा.

आणि त्यावर जुनी, दगड झालेली टिप असेल तर काहीच ठरवू नका. टिप बदलली की तोच क्यू दुसरा वाटतो. लोक टिपची निंदा क्यूच्या नावावर लिहितात.

पहिल्याच दिवशी गेम खेळू नका. पांढरा चेंडू एका टोकाला, दुसरा मध्यावर, सरळ रेषेत, आणि धडकेनंतर पांढरा फक्त जागीच थांबवा. वीसदा. मग तेच मागे खेचून वीसदा. कंटाळा येईल, पण क्यू बोलायला लागतो तो कंटाळ्यातच.

न्यूटनचा_मावसभाऊ

"क्यू बोलतो" यावर माझं थोडं म्हणणं आहे. टिप आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या एक-दोन हजारांशापेक्षा जास्त टिकत नाही. तुमच्या मुठीला जे जाणवतं ते मेंदूपर्यंत पोचतं तेव्हा चेंडू केव्हाच निघून गेलेला असतो. स्टीलचा जॉइंट "कडक" मारतो आणि लाकडावर लाकूड "मऊ" मारतं, यातला बराचसा भाग आवाज आणि कंपनं आहेत. चेंडूला त्याची खबर नसते.

चेंडूला खबर असते ती टोकाच्या वस्तुमानाची. बाजूनं मारल्यावर पांढरा चेंडू नेमाच्या रेषेवरून जो सरकतो (यालाच डिफ्लेक्शन म्हणतात) तो मुख्यतः शाफ्टच्या पुढच्या काही इंचांच्या वजनावर ठरतो. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात यांत्रिकी अभियांत्रिकी शिकवलेले डेव्हिड अल्सिएटोर यांनी हे प्रयोग करून आणि वेगवान कॅमेऱ्यानं टिपून वर्षानुवर्षं मांडलंय. १९९०च्या दशकात प्रेडेटर कंपनीनं शाफ्टचं टोक आतून पोकरलं ते याच कारणानं. म्हणजे पिन तीन-अष्टमांश इंची असो की पाच-सोळांश, रेडियल असो की आणखी कुठली, त्यावरून होणारी भांडणं रंगतदार आहेत, पण चेंडूच्या वाटेवर त्यांचा परिणाम नगण्य.

याचा कडू भाग असा: उत्तम कारागिरीचा जुना क्यू एखाद्या साध्या बटवर लावलेल्या आधुनिक शाफ्टपेक्षा जास्त डिफ्लेक्शन देऊ शकतो, नव्हे, बहुधा देतोच. कारागिरी एक, डिफ्लेक्शन दुसरं.

नवव्यावर_डोळा

चेंडू निघून गेला हे खरं. पण पुढचा शॉट मी त्याच कंपनांवरून सुधारते ना? मधोमध लागला की कडेला, हे मला हातच सांगतो. तेव्हा एकसारखी, स्वच्छ कंपनं देणारा क्यू चांगला, यात चूक काय?

न्यूटनचा_मावसभाऊ

चूक काही नाही. "चेंडू बदलत नाही, खेळाडू बदलतो" असं म्हणा, मी सही करतो.

जुनी_खोडं

सहीवरून आठवलं. @कोपऱ्यातला_खिसा, सही सगळ्यात शेवटी बघा. नाव वाचलं की डोळा शिपायासारखा सलाम ठोकतो आणि पुढचं काही तपासत नाही. १९८६च्या एका गाजलेल्या हॉलीवूड चित्रपटात नायकाच्या हातातला क्यू बालाबुश्का म्हणून मिरवतो. प्रत्यक्षात तो जॉस कंपनीचा होता. जगभरच्या प्रेक्षकांनी त्याला बालाबुश्का म्हणून डोळे भरून पाहिलं. पडद्यावर ते क्षम्य, व्यवहारात नाही.

कारागीर हयात असेल तर फोटो पाठवून विचारा. नसेल तर त्याच्या इतर क्यूंशी ताडून बघा: रिंगांचा क्रम, पिन, बटचा उतार. सही गिरवता येते. हाताची सवय गिरवणं अवघड.

कोपऱ्यातला_खिसा

बापरे, केवढं लिहिलंत! पहिला दिवस संपला, अहवाल देतो.

शाफ्ट क्र. १: ११४ ग्रॅम. रेषा सुतासारख्या, दोन शुगर मार्क. एकटा घरंगळवला तर उजेडाची फट हलत नाही. फेरूल पिवळसर.
शाफ्ट क्र. २: १०३ ग्रॅम. पांढराशुभ्र. सरळ आहे. फेरूल दुधासारखा.

जॉइंटला मात्र घोळ आहे. क्र. १ लावला की नख सगळीकडून अडतं. शाफ्ट बटपेक्षा केसभर जाड वाटतो. क्र. २ एकदम सपाट, सांधा कळतही नाही. म्हणजे क्र. १ नीट बनवलेला नाही का? खेळायला मात्र तोच जास्त आवडला, म्हणून जरा वाईट वाटलं.

पॉइंट्स: तीन जवळपास सारखे, एक ३ मिमी आखूड. व्हिनियरच्या घड्या सगळीकडे स्वच्छ, भिंगातूनही. वजनाचा बोल्ट आवळला, झणझण नाही.

आणि तो पिवळा फेरूल हस्तिदंताचा असेल का? असेल तर काय करायचं?

जुनी_खोडं

आधी फेरूलचं. टिप बदलायला काढाल तेव्हा फेरूलचं वरचं तोंड बघा. कापडाच्या विणीसारखी उभी-आडवी बारीक जाळी दिसली तर ते लिननचं मायकार्टा, म्हणजे राळेत दाबून घट्ट केलेलं कापड. तेही वयानं असंच पिवळं पडतं. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या कमानीसारख्या रेषा असतात, पण फेरूलएवढ्याशा तुकड्यात त्या शोधायला अनुभव लागतो. गरम सुई टोचून बघायचा सल्ला कुणी दिला तर त्याला आधी त्याच्या क्यूवर टोचायला सांगा.

हस्तिदंत निघालाच तर क्यू घेऊन देशाची सीमा ओलांडायचा विचार सोडा. आफ्रिकी हत्तीला १९८९ मध्ये साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात टाकलं आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराची दारं बंद झाली. ब्राझिलियन रोझवुडही १९९२ पासून त्याच परिशिष्टात आहे. जुन्या क्यूमध्ये या दोन गोष्टी सापडतात, आणि सीमाशुल्क अधिकाऱ्याला तुमच्या पॉइंट्सच्या उंचीत रस नसतो.

भुस्सा

@कोपऱ्यातला_खिसा, तुमचा अहवाल वाचून मी चहा बाजूला ठेवला. तीन गोष्टी अजून बघून सांगाल का?

एक, तो आखूड पॉइंट समोरच्यापेक्षा अरुंदही आहे का? बुडाशी नको, टोकापासून दोन-तीन इंच खाली मापा.
दोन, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बटवर लांबीनं पाडा आणि क्यू हळूहळू फिरवा. रेघ कुठे लहरते?
तीन, सहीच्या भोवती नख फिरवा.

कोपऱ्यातला_खिसा

एक: हो, अरुंद आहे, अगदी थोडा. सांगितलं नसतं तर दिसला नसता.
दोन: मुठीपाशी रेघ सरळ. पुढच्या भागात जॉइंटकडे जाताना एका बाजूला थोडी आत ओढल्यासारखी.
तीन: सहीभोवती चौकोनासारखी अगदी बारीक कड लागते! डोळ्याला दिसत नाही.

भुस्सा

मग तुमचा क्र. १ चा शाफ्ट निर्दोष सुटला.

माझा अंदाज असा. हा बट कधीतरी वाकला. दोन्ही टोकं जागेवर, पोट एका बाजूला. कुणीतरी तो लेथवर चढवून पुढच्या भागाचं पोट खरवडून सरळ केला. ज्या बाजूनं लाकूड जास्त गेलं त्या बाजूचा पॉइंट आखूड झाला आणि अरुंदही. खाच पृष्ठभागाजवळ रुंद आणि आत अरुंद असते, म्हणून वरचं लाकूड गेलं की पॉइंट बारीक होतो. जोडीला जॉइंटपाशी सगळीकडून केसभर उतरवावं लागलं. बट बारीक झाला, शाफ्ट होता तेवढाच राहिला. म्हणून नख अडतं. क्र. १ हा मूळचा शाफ्ट आहे. तो जाड नाही, बट रोडावलंय म्हणा.

क्र. २ सपाट बसतो कारण तो बारीक झालेल्या बटच्या मापानं नंतर केलाय, बहुधा दुसऱ्या हातानं. दोघांच्या जॉइंटजवळच्या रिंगा शेजारी धरून बघा, काहीतरी जुळणार नाही. अकरा ग्रॅमचा फरक एका कारागिरानं एकाच क्यूला दिलेल्या दोन शाफ्टमध्ये ठेवला नसता.

सही मात्र ज्यानं वाचवली तो शहाणा माणूस होता. सगळं फिनिश उतरवताना सहीपुरता चौकोन झाकून ठेवला आणि नवं फिनिश त्याच्या कडेला आणून मिळवलं. ती कड तुमच्या नखाला लागली. मूळ कारागिरानं स्वतः पुन्हा फिनिश केलं असतं तर त्याला हा खटाटोप करायची गरज नव्हती, नवी सही केली असती.

आता मुख्य प्रश्न, हा वाईट क्यू का? मी तसं म्हणणार नाही. बट एकदा वाकला याचा अर्थ लाकडाला पुरेशी विश्रांती मिळाली नव्हती, किंवा कुणी तो उन्हात गाडीत ठेवला. चांगले कारागीर एकदम काप घेत नाहीत. थोडं काढतात, महिनोन्‌महिने टांगून ठेवतात, लाकडाला काय वाकडं व्हायचं ते होऊ देतात, पुन्हा थोडं काढतात. काही जण आत वेगळ्या स्थिर लाकडाचा गाभाच घालतात. ही सबुरी कितीही भिंगं लावली तरी नव्या क्यूत दिसत नाही. तुमचा निदान एकदा वाकून, सरळ होऊन, मग इतकी वर्षं सरळ राहिलाय. व्हिनियरच्या घड्या स्वच्छ आहेत म्हणजे मूळ हात चांगला होता. फक्त तो "मूळ अवस्थेतला" म्हणून विकत असतील तर तसा तो नाही.

लाल_पंधरा

काका, दंडवत घ्या.

नवव्यावर_डोळा

आणि खेळायला क्र. १ जास्त आवडला हे त्यानं आधीच सांगितलं होतं, हेही नोंदवा!

न्यूटनचा_मावसभाऊ

त्याला कारण टिपही असू शकते. क्र. २ वर कोणती आहे?

कोपऱ्यातला_खिसा

क्र. २ वरची टिप खरंच दगड आहे, बरोबर पकडलंत. पण रिंगांचंही काका म्हणाले तसंच. क्र. १ च्या रिंगेत चांदीच्या बारीक टाक्यांची नक्षी आहे, बटसारखीच. क्र. २ ला नुसती चकचकीत पट्टी. इतके दिवस... म्हणजे दोनच दिवस, पण हे माझ्या डोळ्यासमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं.

काल त्यांना जाऊन विचारलं. आरोप नाही केला, फक्त म्हटलं, "हा कधी लेथवर चढला होता का?" ते माझ्याकडे बघतच राहिले. आधीच्या मालकानं करून घेतलं होतं, त्यांना माहीत होतं. सांगितलं नाही कारण कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर सांगितलं असतं असं त्यांचं म्हणणं. मी विश्वास ठेवायचं ठरवलं. क्र. २ त्यांच्याकडेच ठेवला, बट आणि क्र. १ घेऊन आलो. बोलणं मूळ क्यूचं नाही, दुरुस्त केलेल्या क्यूचं झालं.

नवी टिप लावताना फेरूलच्या तोंडावर कापडाची जाळी दिसली. मायकार्टा.

जॉइंटपाशी नख अजून अडतं. काका, ते बटच्या मापानं घासून सपाट करायचं का?

भुस्सा

हात लावू नका. तो एकटाच मूळ मापाचा उरलाय.

वाचनमात्र

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. मीही माझ्या कस्टमच्या पॉइंटवर नख फिरवलं.

कोपरा उचकटला. स्टिकर आहे.